देवपूरचा टँक : शेवाळ, कीड आणि पाणी

११ फेब्रुवारी २०२५

समुद्री मासे आणि कोरलचा टँक देखभालीसाठी ताब्यात घेतला. धुळ्यात देवपूरला लहान मुलांच्या डॉक्टरांचा दवाखाना, वेटिंग हॉलची आतली भिंत. चार फुटी टँक, खाली सम्प (गाळणीची टाकी), दगड-वाळू वजा जाता पाणी सुमारे २४० लिटर. आधी बघणारा माणूस सुरतेला गेला. तेव्हापासून कंपाउंडर खाणं टाकतो आणि पाणी उतरलं की वरून भरतो, एवढंच चाललंय.

आत क्लाउन माशांची जोडी, एक डॅम्सेल मासा, एक क्लीनर कोळंबी, थोड्या गोगलगायी. कोरल (प्रवाळ) सगळे मऊ जातीचे : पंजाएवढा लेदर, निळे मश्रूम, ग्रीन स्टार पॉलिप आणि झोआच्या (बटणासारख्या छोट्या पॉलिपांचे गुच्छ; पॉलिप म्हणजे कोरलचा एकेक फुलासारखा जीव) तीन वसाहती. डॉक्टरांना फांद्यांचे रंगीत कोरलही हवे होते. पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे हे सगळे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये येतात. वाघही त्याच यादीत आहे. कुणी पावती देतो म्हणालं तरी मी हात लावणार नाही. मऊ कोरलमध्ये काय कमी मजा आहे!

अवस्था वाईट. दगडांवर बोटभर लांबीचं हिरवं केसाळ शेवाळ. डाव्या कोपऱ्यात वाळूवर लाल, बुळबुळीत साय, तिच्यात हवेचे बुडबुडे. फटींतून आयप्टेशिया (फुलासारखे दिसणारे उपद्रवी अ‍ॅनिमोन) डोकावतायत, मोठे चारेक, बारके मोजले नाहीत. झोआच्या तीनपैकी दोन वसाहती मिटलेल्या.

खारटपणा (सापेक्ष घनतेत) १.०२८, पाहिजे १.०२५-१.०२६. तापमान २५, नायट्रेट ४०, फॉस्फेट ०.२५ (दोन्ही पीपीएम, म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम).

डॉक्टरांचे वडील, आप्पा, दिवसभर हॉलमध्येच बसतात. शिंदखेडा तालुक्यात कापूस आहे त्यांचा, आता पोराकडे राहायला आलेत. बराच वेळ माझ्यामागे उभे राहिले आणि म्हणाले, "हाई गवत मरस नही का?" मरतं, म्हटलं, पण खायला कोण घालतंय ते आधी बघू.

१३ फेब्रुवारी

सापडलं. वरून भरायचं पाणी दवाखान्याच्या पिण्याच्या आरओचं. सगळ्यांना वाटतं आरओ म्हणजे शुद्ध. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचा मीटर घातला, ८५. घरगुती मशीनमध्ये चवीसाठी टीडीएस कंट्रोलर असतो, तो बोअरचं थोडं पाणी पुन्हा मिसळून देतो. माणसाला ते बरंच. टँकला नाही.

त्याच पाण्याचं नायट्रेट मोजलं, १० च्या आसपास. आता हिशेब असा : उडतं ते नुसतं पाणी, त्यातलं बाकी सगळं मागे राहतं. रोज ४ लिटर भरलं तर ४० मिलिग्रॅम नायट्रेट आत, २४० लिटरमध्ये महिन्याला ५ पीपीएमची भर. उन्हाळ्यात ६ लिटर उडालं तर साडेसात. माशांच्या खाण्यातून येतं ते वेगळंच. मुंबईच्या दमट हवेत हे इतकं जाणवत नाही. आपल्याकडे हवा कोरडी, टँक सतत पाणी पितो.

वेगळं चार टप्प्यांचं आरओ आणि शेवटी डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे), असं युनिट मागवलं. बाहेर पडताना टीडीएस ० हवा. १ दिसला की रेझिन बदलायचं. वाया जाणारं पाणी फरशी पुसायला धरायचं, हे कंपाउंडरला पटलं.

१७ फेब्रुवारी

युनिट बसलं, मीटर शून्य. खारटपणा एकदम उतरवला नाही, रोज थोडं खारं पाणी काढून तेवढंच शून्य पाणी घालत आठवड्यात खाली आणायचा. लाइट १० तासांवरून ७ वर. पंप थोडा वळवून डाव्या कोपऱ्यात प्रवाह दिला. तिथे खाण्याचा गाळ साचत होता, लाल साय तिथेच का, ते त्यावरून कळतं.

त्या सायीवर डॉक्टरांनी एरिथ्रोमायसिन सुचवलं. बरोबर आहे त्यांचं, ते शेवाळ नव्हेच, सायनोबॅक्टेरिया आहेत आणि अँटिबायोटिकने मरतात. पण अमोनियाचं नायट्रेट करणारे बॅक्टेरियाही याच टँकमध्ये राहतात. त्यांना धक्का लागला तर मासे जातील. नळीने साय ओढून घेतली, सोबत आलेलं पाणी टाकून दिलं. पुन्हा येईल, पुन्हा ओढू.

२४ फेब्रुवारी

केसाळ शेवाळाची ओळख पटवली. खालच्या मजल्यावर पॅथॉलॉजी लॅब आहे, तिथल्या ताईंनी दुपारच्या मोकळ्या वेळात मायक्रोस्कोप दिला. धागे साधे, पिसासारख्या आडव्या फांद्या नाहीत. म्हणजे ब्रायोप्सिस हे चिवट शेवाळ नाही. ब्रायोप्सिस असतं तर हौशी लोक वापरतात ते बुरशीवरचं औषध, फ्लुकोनाझोल, काढावं लागलं असतं. इथे गरज नाही. हे साधं शेवाळ, उपाशी ठेवलं आणि उपटलं की जातं.

सुटे दगड बादलीत, टँकमधून काढलेल्याच पाण्यात टूथब्रशने घासले. झोआ असलेला दगड घासला नाही. याबद्दल सविस्तर लिहून ठेवतो, कारण कंपाउंडर उत्साही आहे आणि मी नसताना हात घालेल.

झोआ आणि त्यांचे भाऊबंद पॅलिथोआ यांच्यात पॅलिटॉक्सिन असू शकतं. १९७१ मध्ये हवाईतल्या पॅलिथोआतून ते वेगळं काढलं गेलं. माणसाला ठाऊक असलेल्या अतिजहाल विषांपैकी एक. घरी दगड उकळून किंवा गरम पाणी ओतून साफ करायला गेलेल्या लोकांची अख्खी कुटुंबं वाफेने आजारी पडल्याची उदाहरणं आहेत. म्हणून हातमोजे, चष्मा, हातावर जखम असेल तर काम नाही, आणि गरम पाणी कधीच नाही. हा लहान मुलांचा दवाखाना आहे. काचेच्या झाकणाला कुलूप लावलं, किल्ली डॉक्टरांकडे.

१ मार्च, रात्री साडेनऊ

शेवटचा पेशंट गेल्यावर लाइट बंद करून तासभर थांबलो, मग लाल कागद लावलेला टॉर्च. मिटलेल्या झोआंचं उत्तर मिळालं.

पॉलिपच्या बुंध्याशी, दोन देठांच्या मध्ये, न्यूडिब्रँक. कवच नसलेली समुद्री गोगलगाय, अर्ध्या सेंटिमीटरची. पाठीवर जे बोंडुल्यांसारखे उंचवटे आहेत त्यांचा रंग थेट त्या झोआचाच, हिरव्यावर हिरवा, टोकाला नारिंगी. खाल्लेल्या पॉलिपमधल्या सूक्ष्म शेवाळाचाच तो रंग. म्हणून दिवसा दहा वेळा बघूनही दिसत नाही. पॉलिपच्या पाठीमागे अंड्यांची पांढरी गुंडाळी चिकटलेली, घड्याळाच्या स्प्रिंगसारखी.

एका वसाहतीवर तीन, दुसरीवर एक. तिसरी स्वच्छ वाटते, पण वाटण्यावर काही ठेवायचं नाही.

२ मार्च

आप्पांना भिंगातून दाखवलं. बघताक्षणी म्हणाले, "कपाशीनं औषध मारी दे ना." म्हणजे इमिडाक्लोप्रिड. गंमत अशी की सल्ला अगदीच हवेतला नाही. परदेशात कोरलवाले बागेच्या कीटकनाशकात वेगळ्या बादलीत कोरल बुडवतात आणि त्यातला एक घटक हाच. पण ते पातळ, घरगुती वापराचं असतं. आप्पांच्या शेतातली बाटली १७.८ टक्क्यांची, पंपात पातळ करून मावा-तुडतुड्यांवर मारायची. ती कीटकांच्या मज्जातंतूंवर काम करते. टँकमध्ये कीटकांचे जवळचे नातलग म्हणजे कोळंबी आणि कोपेपॉड (कोळंबीच्याच गोतातले बारीक जीव), आधी मरणार ते. गोगलगाय जातीचा न्यूडिब्रँक कदाचित बघत बसेल.

पण अंड्यांचं आप्पांनी स्वतःच काढलं. फवारणीने अळी मरते, अंडं राहतं, म्हणून ठरावीक दिवसांनी पुन्हा फवारावं लागतं. नेमकं तेच. इथेही कुठल्याही डिपने, म्हणजे बादलीत बुडवून, अंडी मरत नाहीत, त्यामुळे एकदा बुडवून मोकळं होता येत नाही. एवढं समजणारा माणूस हॉलमध्ये बसलेला आहे हे बरं झालं.

८ मार्च

दोन्ही आजारी वसाहती दगडासकट बाहेर. क्रम असा ठेवला :

आधी चिमट्याने दिसतील ते न्यूडिब्रँक काढले. मग गोड्या पाण्याचं डिप. शून्य टीडीएसचं पाणी, तापमान टँकएवढं, खायचा सोडा चिमूटभर घालून पीएच टँकशी जुळवलेला. दोन मिनिटं, आणि त्या वेळात पिपेटने देठांमध्ये जोरात पाणी मारत राहायचं. झोआ मिटून घेतात आणि सोसतात. न्यूडिब्रँकला ते सोसत नाही, पकड सुटते. बादलीच्या तळाशी आणखी दोन पडलेले सापडले, शिवाय एक बारकी कोळ्यासारखी आठ पायांची सी स्पायडर. संशयितांच्या यादीत तिचं नावही नव्हतं.

मग अंडी. भिंग, सुई, संयम. ज्या पॉलिपमागे गुंडाळी आहे तो पॉलिप सरळ कापून टाकला. एक पॉलिप गेला तर चालतो.

दोन्ही वसाहती वेगळ्या २० लिटरच्या टबात, हीटर आणि छोटा पंप लावून, माझ्या घरी. मुख्य टँकमध्ये न्यूडिब्रँकला झोआशिवाय दुसरं अन्न नाही. तिसरी वसाहतही काढून आणली. आता टँकमध्ये झोआच नाही. जे राहिले असतील ते उपाशी.

१५ मार्च

धुळवडीचा रंग नखांतून निघाला नव्हता म्हणून काल हात घातला नाही, आज घातला. दुसरं डिप. एक नवा, दोन मिलिमीटरचा, पारदर्शक. नुकता अंड्यातून निघालेला. आठवड्याचं अंतर बरोबर बसतंय.

२२ मार्च

तिसरं डिप. काही नाही.

२९ मार्च

चौथं. काही नाही. तरी अजून एकदा करणार.

मुख्य टँक : नायट्रेट १०, फॉस्फेट ०.०६. केसाळ शेवाळ पांढरं पडून सुटतंय. हवे होते तेच आकडे. इथेच थांबवायचं आहे.

आयप्टेशियाचं काम आज केलं. हा अ‍ॅनिमोनचा प्रकार, चिमट्याने ओढला की बुंध्याचा तुकडा मागे राहतो आणि त्यातून नवा उगवतो. म्हणून ओढायचा नाही. कॅल्शियम हायड्रॉक्साइडची दाट पेस्ट, दवाखान्यातली सिरिंज, बोथट सुई, थेट तोंडावर. पंप बंद करून हळू. कंपाउंडरने खिशातली डबी पुढे केली, चुनाच ना? आहे तोच पदार्थ, पण पानाच्या दुकानातल्या डबीत आणखी काय मिसळलंय ते ठाऊक नाही. मी प्रयोगशाळेचा वापरला. एका वेळी तीन-चारच मारायचे, नाहीतर पीएच चढतो.

९ एप्रिल

वाळूवर आणि दगडांवर तपकिरी, शेंबडासारखे धागे. टोकाला बुडबुडे. रात्री दिवे बंद झाले की बरेचसे गायब, दुपारी पुन्हा हजर. दोन गोगलगायी मेलेल्या.

नायट्रेट ०. फॉस्फेट ०.

डॉक्टरांनी सांगितलं की शेवाळ इतकं छान जातंय म्हणून त्यांनी फॉस्फेट ओढणाऱ्या लोखंडी दाण्यांची आणखी एक पिशवी सम्पमध्ये घातली, आणि कंपाउंडरला खाणं निम्मं करायला सांगितलं. डॉक्टर माणूस, औषध लागू पडलं की डोस वाढवावासा वाटतो.

१० एप्रिल

लॅबच्या ताई आता मला बघून स्वतःच स्लाइड काढून ठेवतात. पाण्याच्या थेंबासारख्या आकाराच्या पेशी, एका टोकाला बांधल्यासारख्या जागच्या जागी गोल फिरणाऱ्या. ऑस्ट्रिओप्सिस. डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे सूक्ष्म एकपेशी जीव. ताईंनी स्वतः बघितलं, मग सगळ्या लॅबला बोलावून दाखवलं.

हेही विषारी. इटलीत जेनोआच्या किनाऱ्यावर २००५ च्या उन्हाळ्यात हे फोफावलं तेव्हा २०० च्या आसपास लोकांना समुद्राच्या तुषारांनीच ताप-खोकला झाला होता. गोगलगायी का मेल्या ते उघड आहे. विष शोषायला कार्बनची पिशवी लगेच लावली. सम्पचं पाणी जिथे उसळतं तिथे झाकण.

कारण सरळ आहे. शेवाळ, बॅक्टेरिया, कोरल सगळ्यांना थोडं नायट्रेट-फॉस्फेट लागतं. ते शून्यावर आलं की बाकीचे मागे हटतात आणि ज्याला उपाशी राहता येतं तो रान घेतो. इथे पाणी बदलणं म्हणजे आणखी उपासमार. ते बंद. लोखंडी दाण्यांच्या दोन्ही पिशव्या बाहेर.

१२ एप्रिल

खत घालायला सुरुवात.

टँकसाठी वेगळ्या बाटल्या मिळतात, दुधाच्या भावाने पाणी. कृषी केंद्रातून १३:००:४५ ची एक किलोची पुडी आणली, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, केळीला ड्रिपमधून सोडतात ते. त्यातला ६१ टक्के भाग नायट्रेट. २४० लिटरला ५ पीपीएम चढवायला २ ग्रॅम पुरतं. फॉस्फेटसाठी ००:५२:३४, मोनोपोटॅशियम फॉस्फेट. ते फारच थोडं लागतं : १.७ ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवून ठेवलं, त्यातलं १० मिली म्हणजे टँकमध्ये ०.०५. आधी विरघळवून, फडक्यातून गाळून, साका उरत नाही हे बघूनच वापरलं. खताच्या पुडीत रंग किंवा सूक्ष्म अन्नद्रव्यं मिसळलेली असली तर ती घेऊ नये, तांबं कोळंबीला मारतं.

आप्पांनी पुडी ओळखली. "गवतले खत देई राहिना तू? येडा व्हयना का?" डॉक्टर आतून हसत बाहेर आले. समजावलं. आप्पा ऐकून गप्प बसले आणि थोड्या वेळाने म्हणाले, रान उघडं टाकलं की तण येणारच. मी वहीत लिहून घेतलं.

यूव्ही दिवा बसवला, रात्री चालू. ऑस्ट्रिओप्सिस रात्री वाळू सोडून पाण्यात तरंगतं, म्हणून त्याच्यावर यूव्ही लागू पडतो. वाळूतच राहणाऱ्या जातीवर नसता पडला. स्लाइड बघून औषध ठरवायचं ते यासाठी.

१३ ते १५ एप्रिल

दिवे पूर्ण बंद, काचेला वर्तमानपत्र. वेटिंग हॉलमधली पोरं नाराज. एकाने फाडून डोळा लावायला भोक केलं, तिथे चिकटपट्टी.

२२ एप्रिल

बाहेर ४२-४३. दोन पंखे पाण्यावर तिरके लावलेत, टँक २७ वर. या कोरड्या हवेत पंख्यासारखा चिलर नाही. रोज ६ लिटर पाणी उडतं, म्हणजे चोवीस तास सुमारे १७० वॅट उष्णता ते सोबत नेतं. वर भरायचं पाणी शून्य टीडीएसचं आहे म्हणून हे परवडतं. फेब्रुवारीतल्या पाण्यावर हाच पंखा शेवाळाला खत घालत बसला असता.

नायट्रेट ६, फॉस्फेट ०.०५. धागे निम्म्याहून कमी.

३० एप्रिल

आखाजी. दवाखाना बंद, कंपाउंडर गावी. आप्पांकडे आमरस-पुरणपोळीचं जेवण, म्हणून टँकही बघून घेतला. तपकिरी डाग एका दगडापुरते. काचेवर मात्र हिरवी पातळ साय आलीय. यावेळी तिला बघून बरं वाटलं, साधं हिरवं शेवाळ जागेवर आलं म्हणजे दुसऱ्याला जागा कमी. समोरची काच पुसली, बाकीच्या तशाच ठेवल्या.

१४ मे

अवकाळीने हवा दमट झाली आणि वीज दोनदा गेली. पंख्याचा जोर लगेच कमी पडला, २८.५. पाणी निम्मंच उडतंय. इन्व्हर्टरवर फक्त वेव्हमेकर (प्रवाह देणारा पंप) आणि एक पंखा टाकला. वीज गेली की तापमानाआधी पाण्यातली हवा कमी होते, म्हणून पंप आधी.

स्लाइड स्वच्छ. खत बंद केलं, खाणं पूर्ववत. आकडे स्वतःहून टिकतायत : नायट्रेट ५ ते ८, फॉस्फेट ०.०४ ते ०.०७. हेच पुढेही ठेवायचे. शून्य दिसलं तर मला फोन, असं सम्पच्या दारावर चिकटवलं.

२४ मे

झोआच्या तिन्ही वसाहती परत टँकमध्ये. मधल्या काळात त्यांच्यावर घरी आणखी एक डिप आणि रात्रीच्या टॉर्चच्या फेऱ्या झाल्या, काही सापडलं नाही. पहिलीचे पॉलिप संध्याकाळपर्यंत उघडले. जिने सगळ्यात जास्त मार खाल्ला तिचे अर्धेच राहिलेत, पण कडेने नवे फुटतायत.

१९ जून

डॉक्टरांच्या मुंबईतल्या भावाने भेट म्हणून लेदरचा एक तुकडा आणि दोन झोआ प्लग (छोट्या बुडख्यांवर चिकटवलेले झोआ) पाठवले. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने थर्माकोलचा खोका सकाळी पारोळा रोडला उतरला. डॉक्टर थेट टँकमध्ये सोडायला निघाले होते. खोका घेऊन घरी आलो.

टबात घालण्याआधीच पिशवीच्या तळाशी एक सनडायल गोगलगाय सापडली. चपटं, गोल जिना उतरावा तसं काळं-पांढरं कवच. दिसायला देखणी, राहते झोआ खाऊन. एका प्लगच्या खालच्या बाजूला आयप्टेशियाचं पिल्लू. प्लग फेकून दिले, झोआ सोलून नव्या प्लगवर चिकटवले. पहिलं डिप आज, पुढची दर शनिवारी. लेदर आत्ताच कातडी टाकतोय, त्याला प्रवाहात ठेवलं.

डॉक्टरांना सांगितलंय, जुलै संपेपर्यंत विचारू नका. रेझिन बदलायला आलंय, मीटर १ दाखवतोय.